राक्षसाच्या चालीचा निकाल

परीक्षक म्हणून माझं नाव आमच्या भागात जरा वाईटच आहे. मी जव्हारला शाळेत मराठी शिकवते. कुठं नाट्यस्पर्धा असली, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन असलं, की परीक्षकाच्या खुर्चीत मला नेऊन बसवतात आणि मागाहून पस्तावतात. मला बघून पोरं संवाद विसरतात म्हणे. विसरू देत. "बाई, जरा सांभाळून घ्या," असं कुणी कानाशी येऊन म्हटलं की माझं डोकंच फिरतं. सांभाळून घ्यायला काय काचेची बरणी आहे का ती? नाटक करायला आलात ना, मग करा नीट! वर मी बोलते ते लोकांना हसवत बोलते, त्यामुळं ज्याची टर उडते तो सोडून बाकी सगळे खूश असतात. याचा मला अभिमान होता. होता असं म्हणते, कारण यंदाच्या आमच्या गावच्या बोहाड्यापासून त्या खुर्चीचं नाव काढलं तरी मी काहीतरी सबब सांगते.

माझा बा पिक्चरमध्ये राक्षस व्हायचा.

हे वाक्य असं सरळ लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. आमचं गाव मोखाड्याच्या पुढं, फाट्यावरून आत. भाताची कापणी झाली, नाचणी झोडून झाली, की गावातले पुरुष कामाला मुंबई-ठाण्याकडं जातात, तसा बासुद्धा जायचा. उंचीला एवढा की आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत येता यायचं नाही. एका बांधकामावर सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन चढताना त्याला कुणीतरी पाहिलं आणि थेट स्टुडिओत नेलं. तेव्हा भुताखेतांचे हिंदी पिक्चर स्वस्तात आणि धडाधड निघत. डोंगरावरची हवेली, धूर, कडाडणारी वीज आणि शेवटी तळघरातून वर येणारा एक राक्षस. त्या राक्षसाच्या रबरी तोंडामागं बा असायचा. पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नाही. आता म्हणे त्याच पिक्चरांना लोक क्लासिक म्हणतात, फोनवर शोधून शोधून बघतात, कुठला राक्षस भारी यावर भांडतात. तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.

घरी तो एवढंच सांगायचा, "सिनेमाच्या कामाला हाय." गावाला वाटायचं, दिवेबिवे उचलत असेल. मलाही तेच वाटायचं. मी जव्हारच्या वसतिगृहात होते तेव्हा एका रविवारी आम्ही मुली व्हिडिओ हॉलमध्ये असाच एक पिक्चर बघायला गेलो. राक्षस आला. सगळ्या किंचाळल्या. त्याच्या तोंडाला रबर, हातांना रबर, पण पाय उघडे होते, आणि ते पाय मी ओळखले. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. बा मुंबईहून आला की ओट्याशी उभं राहून त्या पायांवर मीच पाणी घालायचे. भीती कसली वाटते! लाज वाटली. अशी लाज की कानशिलं तापली. पोरी ओरडत होत्या, "ई, काय घाण आहे गं तो!" आणि माझ्या मनात एकच, कुणाला कळू नये, देवा, कुणाला कळू नये. मी ते आयलासुद्धा कधी सांगितलं नाही.

आणि गंमत बघा, गावात हाच माणूस मानाचा राक्षस होता.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. होळी झाली, उन्हं तापली, मोहाची फुलं गळायला लागली, की गावोगावी तो होतो. देवांची, राक्षसांची, जनावरांची सोंगं निघतात. सोंग म्हणजे नुसतं नाटकातलं पात्र नव्हे. मुखवटा चढला की त्या माणसाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही, म्हातारीकोतारीसुद्धा त्याच्या पाया पडतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं आणायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या घराकडं राक्षसाचा मान. शेवटच्या दिवशी सकाळी देवी निघते, संबळ वाजायला लागतो आणि राक्षस तिच्यासमोर येतो. लगेच लढाई नाही. आधी तो चालतो. पुढं येतो, थांबतो, मान हळूच एका बाजूला कलती करतो, मग डावा पाय न उचलता जमिनीवरूनच मागं ओढतो, आणि पुन्हा पुढं. त्या ओढलेल्या पायात सगळं आहे. हा देवीला भ्यालाय का भुललाय, हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि तेवढ्यात संबळ चढतो.

ही चाल आमच्या घरात शिकवतात आणि फक्त देवीसमोर चालतात. दुसरीकडं कुठं चालली तर मान जातो, मुखवटा दुसऱ्या घरी जातो. बा मुंबईत कितीही अडकलेला असो, बोहाड्याला तो हजर असायचाच. एका पिक्चरात त्याला बिनरबराचं, तोंड दिसणारं काम मिळत होतं, पण ते नेमकं बोहाड्याच्या आठवड्यात आलं. सोडून आला. आय कधी चिडली की हे काढायची, आणि बा विडी पेटवायचा.

आता बाचे गुडघे गेले. यंदा मुखवटा माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर चढवायचा असं ठरलं होतं. बाचा सगळा जीव त्यातच अडकलेला. "त्याच्या तोंडावर बसलेला एकदा बघितला का मी मोकळा," असं येईल-जाईल त्याला सांगायचा. आणि त्यातच हे लचांड उपटलं.

भावकीतल्या एका चुलत घराचा त्या मुखवट्यावर डोळा फार जुना. त्या घरच्या एका चुलतभावाला फोनवर जुन्या पिक्चरचा तुकडा सापडला. राक्षस दारात येतो, थांबतो, मान कलती करतो, डावा पाय ओढतो. तोंड रबरात असलं तरी एवढा उंच, सिनेमाच्या कामाला गेलेला माणूस गावात एकच. मोखाड्याच्या बाजारात या पठ्ठ्यानं तो तुकडा जो भेटेल त्याला दाखवला. भाजी घेताना दाखवला, जीप भरायची वाट बघताना दाखवला. संध्याकाळी माणसं गावात उतरली ती आमच्या घराची अब्रू घेऊनच. सोंग विकलं ह्यांनी! देवीसमोरची चाल सिनेमातल्या बायकांना भिववायला नेली! पंचांनी ठरवलं, ज्याच्यावर आळ त्याच्या तोंडचं धरायचं नाही, रविवारी देवळात बसायचं, तो पिक्चर सगळ्यांसमोर लावायचा आणि चाल तीच आहे का नाही याचा निकाल करायचा. तीच निघाली तर मुखवटा चुलत घराला.

आणि निकाल देणार कोण? तर मी! सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं स्वतः फोन केला. "पोरी, तू लगीन होऊन दिल्या घरची झालीस. तू आता ह्या भावाची नाय न् त्या भावाची नाय. न् तुझ्याएवढं तोंडावर कोन बोलत नाय. तू बोलशील ते दोन्ही घरं मानायला तयार हायत."

मला आधी लाजच वाटली. आयुष्यभर जे झाकलं ते आता भर बाजारात फोनवर फिरत होतं. शाळेतल्या शिपायानंही विचारलं, "बाई, ते तुमचे वडील का हो?" मी "हो" म्हटलं आणि वर्गावर निघून गेले, तर फळ्यावर काय लिहायचं तेच आठवेना. पण खोटं कशाला बोलू, दोन्ही घरांनी आपल्यालाच निवडलं म्हणून आतून थोडी फुगलेही होते.

मी गावी गेले. बा ओट्यावर बसून मोहाची फुलं उन्हात पसरत होता. मी सरळच विचारलं, "बा, ती चाल तू तिथं चाललास?"

त्यानं हात झटकले. "डायरेक्टर बोलला, डरावना चल. मला डरावणं एकच चालता येत व्हतं, बाय."

"अरे पण ती देवीसमोरची ना?"

"मुद्दाम नाय गं केलं. तोंडावर काय चढलं का पाय आपसूक तसंच पडतात. रबर काय न् मुखवटा काय, पायाला कुठं कळतं?"

मी उठायला लागले तर त्यानं आवाज बारीक केला. "बाय, मी त्यातला एक पन पिक्चर बघितला नाय. रबरातून काय दिसायचं नाय, न् मागून थेटरात जायाची लाज वाटायची, कोनी वळखलं तं. तू आता बघशील नं? तुला त्यातलं कळतं. मंग मला सांग, कसा झालाय."

माझा एवढा ताडमाड बा, आणि स्टेजवरून उतरून घाम पुसत पोरं जशी माझ्याकडं बघतात तसा बघत होता. आणि मी काय म्हटलं? "सगळे बघू दे आधी. निकाल एकदमच सांगीन." तो हसला. "सांग, सांग. पन खरा सांग."

जव्हारला येऊन मी ते पिक्चर शोधले आणि शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरात बसून एकेक बघितला. परीक्षक म्हणूनच बघितले. पहिल्यात बा वाईट आहे. हात वर करून येतो, खळ्यावरच्या चिमण्या हाकलल्यासारखा. गुरगुरणं त्याचं नाही, ते मागून दुसऱ्या कुणाचं तरी घातलंय, आणि त्या आवाजाशी अंगाचा मेळ नाही. दुसऱ्यात तो जरा स्थिर झालाय. उगाच हलत नाही. रबरी छाती वरखाली होते तेवढीच, आणि तेवढ्यानंच बघणाऱ्याला श्वास कोंडल्यासारखं वाटतं. त्या काळातले दुसरे राक्षसही मी मुद्दाम बघितले, तुलना नको का करायला? सगळे मेले दात विचकणारे. आपण किती भयंकर आहोत हे दाखवण्यातच त्यांचा जीव जातो. समोरच्या माणसाकडं बघायला एकालाही सवड नाही.

मग तो पिक्चर, ज्याचा तुकडा बाजारात फिरला होता. बाई आरशासमोर केस विंचरत बसली आहे, दाराकडं पाठ. राक्षस दारात येतो. संगीत नुसतं बोंबलतंय, की आता झडप घाल. बा घालत नाही. तो थांबतो. मान कलती करून तिच्याकडं बघतो, जणू असं काही त्यानं कधी बघितलंच नव्हतं. मग डावा पाय सावकाश मागं ओढतो. एक क्षण असा येतो की वाटतं, हा जाईल परत. जा ना रे बाबा, जा, असं मी फोनला म्हणाले! आणि मग तो पुढं येतो. अंगावर काटा आला माझ्या. घाणेरड्या रबराखाली, तोंड दिसत नाही, आवाज आपला नाही, आणि तरी त्या माणसानं नुसत्या मानेनं आणि पायानं राक्षसाला मन दिलं होतं. मी इतकी वर्षं एवढ्यांना गुण दिले, हे असं मला कुणी दाखवलं नव्हतं. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला, उठून फरशीवर तसा पाय ओढून बघितला, दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

चाल तीच होती. शंकाच नको.

त्याच वेळी फोन करून बाला सांगायचं होतं, "बा, फार सुंदर झालंय." एवढंच. फोन हातातच होता. पण वाटलं, समोरासमोर सांगावं, त्याचा चेहरा बघत. आणि आतलं सांगायचं तर लाज वाटली. ज्या कामाचं आजवर नावसुद्धा काढलं नाही, त्याचं कौतुक अचानक कुठल्या तोंडानं करायचं? रविवार झाला की सांगू म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.

रविवारी दुपारी देवळात जागा उरली नव्हती. अंगणवाडीतला टीव्ही आणून खांबाला टेकवला होता. बा पुढच्याच रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्याच्या घराचा न्याय चालला होता, पण त्याच्याकडं बघून वाटेना. तो पिक्चर बघायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला बघायला. चुलतभावानं तुकडा लावला आणि बा मान पुढं काढून बसला, तोंड किंचित उघडं. पडद्यावर पाय मागं ओढला गेला तेव्हा त्याचा इथला डावा पाय सतरंजीवर हलला. तो माझ्याशिवाय कुणी बघितला नसावा.

"सांग पोरी," म्हातारा पंच म्हणाला. "देवळात बसलोय. हीच का आपली चाल?"

धाकट्या भावाचा उतरलेला चेहरा बघून मी काय बोलायचं ते आधीच ठरवलेलं होतं. "नाही. ही ती चाल नाही."

झालं होतं! दोन्ही घरं मानणार होती. पंच मान हलवायला लागले होते. पण चुलतभाऊ उसळला, "नाय कशी? तो पाय बघ! पाय बघ त्याचा!" आणि त्यानं तो तुकडा परत लावला. मला उलट प्रश्न! मला! माझं डोकं सटकलं.

"पाय बघ म्हणजे काय बघ? याला चाल म्हणतोस? रबरात उकडलेला माणूस, पुढचं दिसत नाही म्हणून चाचपडतोय. पाय ओढत नाहीये तो, वायरीत अडकलाय."

देऊळभर हशा पिकला. मला तो हशा कानात गेलेला कळला. लोक माझ्याकडं तोंड करून बसले होते, पुढचं ऐकायला. मी थांबायला हवं होतं.

"आपला राक्षस असा चालला असता तर देवीनं त्याला मारला नसता. हात धरून दवाखान्यात नेला असता!"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हातारा पंच हसता हसता खोकला. चुलतभावालासुद्धा हसू आवरेना. आणि मी, हो, मी अजून बोलले. "असा नट माझ्या स्पर्धेत आला असता ना, तर मी पहिल्याच मिनिटाला पडदा पाडायला लावला असता."

पहिलं वाक्य मुखवट्यासाठी होतं. वायरीचंही घराच्या अब्रूसाठी होतं असं ओढूनताणून म्हणता येईल. त्यापुढचं कुणासाठी होतं? ते माझ्यासाठी आणि हसणाऱ्यांसाठी होतं. खोटं बोलले याची देवीपुढं मला तेवढी लाज वाटत नाही, ती आई आहे, तिला कारण कळेल. मला लाज वाटते ती मजा आली याची. खरंच मजा आली मला, बोलताना.

मग मी बाच्याकडं बघितलं. तोही हसत होता. सगळे हसतात तर आपण कसं नाही हसायचं, तसं. टोपी काढून त्यानं मांडीवर घेतली होती आणि तिची कड बोटांनी सारखी करत होता. पंचांनी मुखवटा आमच्याच घरी राहील असं सांगितलं तेव्हा तो हात टेकून उठला. "बाय बरोबर बोलली," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला नाय जमलं ते काम. उगाच गेलो त्या धंद्यात."

घरी आल्यावर भाऊ नुसता नाचत होता. "ताई, काय बोललीस गं! पार गार केलास त्याला!" कोरा चहा झाला. मी कप घेऊन ओट्यावर बाशेजारी बसले. "बा, मी तिथं खोटं बोलले. मुखवटा जाऊ नये म्हणून. तुझं काम फार चांगलं झालंय."

"असू दे."

"अरे खरंच. त्या दाराशी तू थांबतोस ना, तिथं माझ्या अंगावर काटा आला. माझ्या पोरांना दाखवावं असं काम आहे ते."

तो चहा फुंकत राहिला. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "मी खरा निकाल सांग बोललो व्हतो, तू सांगितलास. आता समजूत नको घालू. पोरांना बक्षीस नाय दिलं का मागून तू अशीच गोड बोलतेस, मी आलो व्हतो एकदा तवा बघितलंय."

हे खरं आहे. मी बोलते तशी. आधी सालटं काढते आणि मग बाहेर भेटून पाठीवरून हात फिरवते, "छान केलंस हो." मला मेलीला वाटायचं, त्यांना बरं वाटत असेल. त्या दिवशी कळलं, एकाही पोराचा माझ्या त्या बाहेरच्या बोलण्यावर विश्वास बसला नसणार. मी आणखी काहीबाही बोलत राहिले, शपथ घेतली, आयची आण घेतली. बा "बरं, बरं" म्हणत राहिला, आणि "बरं" म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. बोहाडा तोंडावर आला आणि भावाचा फोन आला. "ताई, बा चाल शिकवेना. विचारलं का उठून जातो. मी काय देवीसमोर बेंडबाजातला नाच करू का?"

मी सकाळच्या एसटीनं मोखाड्याला आणि तिथून जीपनं गाव गाठलं. अंगणात भाऊ डोक्यावर वजनाची टोपली बांधून उभा होता, मुखवट्याची सवय व्हावी म्हणून. बा ओट्यावर, अंगणाकडं पाठ करून बसलेला.

"बा, हा काय प्रकार आहे? त्याला शिकवत का नाहीस?"

"काय शिकवू? मला एकच चाल येते," तो पाठमोराच म्हणाला. "न् ती बरोबर नाय. देवळात ठरलं नं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथंच पायरीवर बसले. मुंबईत आपण देवीसमोरचीच चाल चाललो, दुसरी येतच नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिकडची चाल म्हणजे वायरीत अडकलेला पाय, तर मग देवीसमोरची काय होती? मी एका पिक्चरची टर उडवली असं मला वाटत होतं. त्यानं हिशेब पुढं नेला होता. त्यानं तो थेट देवीपर्यंत नेला होता.

तो माझ्याकडं वळला. "बाय, माझा बाप लवकर गेला. मी त्याचं बघून बघून शिकलो. कायतरी चुकलंच असंल. लोकं मानानं बोलत नसतील. तू बोललीस."

"बा, चुकलं नाही रे! काही चुकलं नाही. मी चुकले."

"तुला बरोबर चाल म्हायती हाय नं? तिथं बोललीस, ही ती नाय. म्हंजी ती कोंची ते तुला म्हायती हाय. मंग तू दाखव ह्याला."

बायका सोंग घेत नाहीत आमच्याकडं. पण ते अंगण होतं, मुखवटा नव्हता, आणि दुसरं काही मला सुचत नव्हतं. मी पदर खोचला. फोनवर पुन्हा पुन्हा बघून जशी अंगात उतरली होती तशी चालले. पुढं आले. थांबले. मान कलती केली. डावा पाय मातीवरून सावकाश मागं ओढला.

बा उभा राहिला. गुडघे विसरून उभा राहिला. "हां," तो म्हणाला. "हां. आता जराशी थांब. मान. हां! बघ रे, बघ, पाय उचलला नाय तिनं, वढला! ही खरी चाल. माझ्या बापाची अशीच व्हती!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता, या वेळी खरं.

"बा, ही तुझी आहे," मी म्हटलं. "पिक्चरमधून शिकले मी. तुझ्याकडं बघून."

"जा गं! मी असा चाललो असतो तं आजून काय पायजेल व्हतं?" आणि भावाला म्हणाला, "शिकून घे ताईकडून. मी आपला बसून बघतो."

शेवटच्या दिवशी सकाळी देवी निघाली. भावाच्या तोंडावर मुखवटा चढला आणि तो चांगला चालला, पाय जिथं ओढायचा तिथं ओढला, गर्दीतून "वा रे!" आलं. चुलत घरच्यांनीही त्याच्यापुढं नारळ ठेवला. बा माझ्या शेजारी उन्हात उभा होता. त्याच्या मनासारखं झालं होतं. मुखवटा घरात होता, मुलाच्या तोंडावर होता. देवी आमच्यासमोर आली तेव्हा त्यानं माझा दंड धरला, मोठ्या कष्टानं ते गेलेले गुडघे जमिनीला टेकले आणि डोकं मातीवर ठेवलं. मी त्याला धरायला खाली वाकले होते, म्हणून संबळाच्या आवाजातही मला ऐकू आलं.

"आई, जन्मभर तुझ्यासमोर चुकीचा चाललो. मला म्हायती नव्हतं गं. पदरात घे."